शस्त्रांवरची नक्षी : सावळद्याचे मडके ते मलिक-ए-मैदान

इतिहासाचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी फार लवकर तलवारीवर येऊन थांबते. कुणाची तलवार किती वजनाची होती, कुणाच्या मुठीवर कोणते रत्न होते, कुणी कुणाला हरवले. एका बाजूचे लोक एका राजाचे शस्त्र दाखवतात, दुसऱ्या बाजूचे दुसऱ्या बादशहाचे. त्या शस्त्रासाठी तांबे कुठून आले, ते कुणी ओतले, त्यावरची नक्षी कुणी आणि का काढली, हे प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. मला हेच प्रश्न जास्त महत्त्वाचे वाटतात. शस्त्र एका दिवसात जिंकते किंवा हरते. त्यावरची नक्षी पुढची हजारो वर्षे बोलत राहते.

काही दिवसांपासून चीनमधल्या प्राचीन कांस्य शस्त्रांविषयी वाचतो आहे. वाचता वाचता सारखा आपला खानदेश आणि शेजारचा अहमदनगर जिल्हा डोळ्यांपुढे येत होता. तुलना जरा लांबची आहे हे मान्य. पण आपल्याच मातीतल्या काही गोष्टी तिच्यामुळे अधिक स्पष्ट दिसतात, म्हणून हा लेख.

राणीची कुऱ्हाड

चीनच्या हेनान प्रांतात आनयांग नावाचे शहर आहे. शांग घराण्याची शेवटची राजधानी तिथे होती. 1976 मध्ये झेंग झेनश्यांग या महिला पुरातत्त्वज्ञाच्या पथकाला तिथे एक न लुटलेली कबर सापडली. ती होती फू हाओ हिची. राजा वू डिंग याची ही राणी इ.स.पूर्व 1200 च्या आसपास होऊन गेली. ती केवळ राणी नव्हती. त्या काळी हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर कौल लिहून ठेवत. त्या लेखांत ती हजारो सैनिक घेऊन मोहिमेवर गेल्याच्या नोंदी आहेत.

तिच्या कबरीत कांस्याच्या 468 वस्तू होत्या. एकूण वजन दीड टनाहून अधिक. त्यांत शंभरावर शस्त्रे होती. सगळ्यांत गाजलेली म्हणजे तिचे नाव कोरलेली मोठी कुऱ्हाड, सुमारे 9 किलो वजनाची. तिच्यावर दोन वाघ समोरासमोर उभे आहेत आणि त्यांच्या उघड्या जबड्यांच्या मधोमध माणसाचे डोके आहे. वाघ त्याला खात आहेत की राखत आहेत यावर अभ्यासकांत वाद आहे. पण शांग राजांच्या काळात माणसांचे बळी दिले जात आणि अशी कुऱ्हाड हे मान उडवण्याच्या अधिकाराचे चिन्ह होते, याविषयी फारसा वाद नाही.

ही नक्षी छिन्नीने कोरलेली नाही. चिनी कारागीर आधी मातीचा नमुना करत, त्यावरून मातीचे साचे तुकड्यातुकड्यांत काढत, नक्षी मातीतच रेखत, तुकडे जुळवून मग त्यात वितळलेले कांस्य ओतत. म्हणजे वाघाच्या प्रत्येक पट्ट्यामागे आधी कुंभाराचा हात आहे. अशा कामाला खाण हवी, लाकूड-कोळसा हवा, शेकडो माणसांना पोसणारे कोठार हवे आणि या सगळ्यावर हुकूम चालवणारी सत्ता हवी.

पुढे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हीच विद्या कुठवर पोहोचली ते युए राज्याचा राजा गोउज्यान याच्या तलवारीवरून दिसते. 1965 मध्ये हूबेई प्रांतातल्या एका कबरीत ती सापडली. जेमतेम 56 सेंटिमीटर लांबीची. पात्यावर काळसर चौकटींची जाळी, मुठीजवळ निळी काच आणि फिरोजा बसवलेला, आणि पक्ष्यांच्या आकाराच्या लिपीत आठ अक्षरे. सुमारे अडीच हजार वर्षांनी म्यानातून काढली तेव्हाही तिला धार होती.

हे सगळे कथिलामुळे शक्य झाले. शुद्ध तांबे मऊ असते. त्यात थोडे कथील मिसळले की ते कडक होते आणि साच्यात नीट वाहते. जास्त मिसळले की धार चांगली येते, पण पाते ठिसूळ होऊन तुटते. कुऱ्हाडीला किती कथील, पात्याला किती, आरशाला किती, याची प्रमाणे चिनी कारागिरांनी लिहून ठेवली होती. काही तलवारींत तर मधला कणा कमी कथिलाचा आणि दोन्ही धारा जास्त कथिलाच्या, असे दोनदा ओतकाम केलेले आढळते.

त्या वेळी आपल्याकडे काय होते?

आता तापीकाठी या. सावळदा हे गाव आपल्यापैकी अनेकांनी बसच्या पाटीवरही वाचले नसेल. पण भारताच्या पुरातत्त्वात या गावाच्या नावाने एक अख्खी संस्कृती ओळखली जाते. इ.स.पूर्व 2000 च्या आसपास तापीच्या खोऱ्यात शेती करून राहणाऱ्या लोकांची ही संस्कृती. धुळे जिल्ह्यातल्या कावठे इथेही त्यांची वस्ती सापडली. जमिनीत खड्डे खणून त्यावर छप्पर घातलेली त्यांची घरे होती. जळगाव जिल्ह्यात गिरणेच्या काठी बहाळ आणि पलीकडच्या तीरावर टेकवाडे, तर तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे, अशी या परिसरातली आणखी ताम्रपाषाणयुगीन ठिकाणे. बहाळचे उत्खनन म. न. देशपांडे यांनी केले, प्रकाश्याचे बी. के. थापर यांनी. एस. ए. साळी यांनी तर तापी-गिरणेचा हा प्रदेश पायाखाली घातला.

सावळद्याच्या मडक्यांवर काळ्या रंगात चित्रे आहेत. त्यांत बाणांची टोके आहेत, काटेरी पाती आहेत, मासे धरायचे गळ आहेत. भारतातल्या दुसऱ्या कुठल्याही ताम्रपाषाणयुगीन मडक्यांवर शस्त्रे-अवजारे इतक्या हौसेने काढलेली दिसत नाहीत.

मला हे फार विलक्षण वाटते. चीनमध्ये शस्त्रावर नक्षी होती. आपल्याकडे शस्त्र हीच नक्षी होती आणि ती होती पाण्याच्या, धान्याच्या भांड्यावर! ज्या बाणाने शिकार व्हायची, ज्या गळाने तापीतला मासा घरी यायचा, त्याचे चित्र कुणीतरी घरातल्या मडक्यावर काढले. त्यात वाघाच्या जबड्यातला माणूस नाही. दहशत नाही. चुलीवरच्या भांड्यात जे शिजायचे ते मिळवून देणाऱ्या वस्तूंची ती चित्रे आहेत, असा माझा समज आहे.

फू हाओच्या काळाशी जुळणारे आपल्याकडचे पर्व म्हणजे जोर्वे संस्कृती. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे आहे. 1950-51 मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केले. तिथून तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी आणि एक बांगडी मिळाली. एका कुऱ्हाडीची तपासणी झाली तेव्हा तिच्यात पावणेदोन टक्क्यांच्या आसपास कथील निघाले. म्हणजे नावापुरते कांस्य. या कुऱ्हाडींवर एक रेघदेखील नाही. साधे, चपटे, एका बाजूला धार असलेले तुकडे. झाड तोडा, जमीन साफ करा, वेळ पडली तर डोके फोडा.

जरा बरे शस्त्र पाहायचे तर पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीचा तांब्याचा खंजीर आहे. त्याच्या मुठीचे टोक दोन शिंगांसारखे फाकलेले आहे. गंगेच्या खोऱ्यात सापडलेल्या तांब्याच्या तलवारींची मूठही अशीच असते. म्हणजे वस्तू किंवा निदान कल्पना तरी दूरवर प्रवास करत होत्या. चांडोलीच्या उत्खननाचा अहवाल शां. भा. देव आणि झेड. डी. अन्सारी यांच्या नावाने आहे. डेक्कन कॉलेजच्या या अन्सारींचे नाव आपल्या लोकांनी लक्षात ठेवायला हवे. नेवासे, नवदाटोली, चांडोली, द्वारका, इनामगाव या सगळ्या मोठ्या अहवालांच्या मुखपृष्ठावर ते आहे. महाराष्ट्राचे पहिले शेतकरी कोण होते, काय खात होते, मेलेल्या लेकराला कुठे पुरत होते, हे आज शाळेच्या पुस्तकात येते, त्यामागे या माणसाचेही हात मातीत मळलेले आहेत. "इतिहास तुमचा कुठला?" असे कुणी विचारले, तर उत्तर म्हणून एवढे एक नावही पुरेसे आहे.

नक्षी का नव्हती?

आपल्याकडे चीनसारखी शस्त्रे का झाली नाहीत? आपले लोक मागासलेले होते, असे उत्तर द्यायची घाई काहीजण करतात. ते बरोबर नाही.

पहिले कारण जमिनीत आहे. खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्र काळ्या कातळावर वसलेला आहे. हा कातळ ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. कपाशीला, केळीला सोन्यासारखी असणारी काळी माती याच कातळाची. पण त्याच्या पोटात कथील नाही आणि तांबेही जवळजवळ नाही. तांबे दुरून आणावे लागे, कथील त्याहून दुरून. जी वस्तू इतक्या कष्टाने येते ती माणूस जपून वापरतो. म्हणूनच या वस्त्यांत तांब्याबरोबर दगडाची बारीक पाती शेकड्यांनी सापडतात. रोजची कापाकापी दगडाने, तांबे खास कामाला.

दुसरे कारण समाजात आहे. इनामगावात एक मोठे, पाच खोल्यांचे घर मिळाले, शेजारी धान्याचे कोठार मिळाले. गावचा प्रमुख असावा. पण पाटील आणि सम्राट यांत फरक असतो. ज्या गावप्रमुखाला शेजारच्या गावाशी रोटीबेटीचे नाते ठेवायचे आहे, त्याला 9 किलोची मान उडवायची कुऱ्हाड मिरवून काय करायचे आहे?

आणि आपल्याकडे कौशल्य नव्हते म्हणावे तर दायमाबाद आडवे येते.

दायमाबाद : एका भिल्ल शेतकऱ्याची देणगी

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. 1974 मध्ये छबू लक्ष्मण भिल हे स्थानिक शेतकरी झाडाचे मूळ खणत होते. खाली त्यांना धातूच्या चार वस्तू लागल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. हत्तीची चाके आता नाहीत, बाकी तिन्ही वस्तूंना चाके आहेत. चारही मिळून 60 किलोहून अधिक वजन. रथ 45 सेंटिमीटर लांब. त्यावर उभा असलेला सारथी आणि जोखडाच्या दांडीवर एक कुत्रा. इतके जिवंत, इतके भरीव ओतकाम भारतात त्या काळचे दुसरे क्वचितच सापडेल.

या वस्तूंच्या काळाविषयी मतभेद आहेत. अनेक अभ्यासक त्यांना हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळातल्या मानतात. काहींनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतली. त्या दायमाबादलाच ओतल्या की बाहेरून आल्या यावरही एकमत नाही. पण एवढे धातू हाती असताना कुणीतरी त्यातून शस्त्र घडवले नाही, चाकांवरची जनावरे घडवली, ही गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. साठ किलो धातूत जोर्व्याच्या कुऱ्हाडींसारख्या कितीतरी कुऱ्हाडी झाल्या असत्या.

छबू भिल यांच्याविषयी थोडे. ते भिल्ल समाजाचे. आपल्या जळगाव जिल्ह्यात यावल, रावेर, चोपड्याच्या सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारे तडवी हे भिल्लांपैकीच इस्लाम स्वीकारलेले लोक. "मुसलमान बाहेरून आले" हे वाक्य तडव्यांच्या गावात उच्चारून पाहा! तीर आणि कामठा ही भिल्लांची ओळख आहे, आणि सावळद्याच्या मडक्यावर काढलेले बाणाचे टोक चार हजार वर्षे जुने आहे. मी त्या दोन्हींमध्ये सरळ रेघ ओढणार नाही, तेवढा पुरावा नाही. पण या मातीवर जुना हक्क कुणाचा, असा वाद उकरणाऱ्यांनी ते मडके जरूर पाहावे.

आणि मग नक्षीदार कांस्य आलेच

दख्खनमध्ये चिनी तोडीचे, किंबहुना वजनाने त्याहून कितीतरी मोठे नक्षीदार कांस्य शस्त्र अखेर घडले. पण त्याला हिजरी 956, म्हणजे इसवी सन 1549 उजाडावे लागले. ठिकाण पुन्हा तोच जिल्हा. जिथे जोर्वे आहे, दायमाबाद आहे, तिथलेच अहमदनगर शहर, आताचे अहिल्यानगर. शस्त्राचे नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे रणांगणाचा बादशहा. मराठीत आपण मुलूखमैदान म्हणतो.

पहिला बुऱ्हाण निजामशहा तेव्हा गादीवर होता. तोफ ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी. 'रूमी' म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. त्या काळी तोफा ओतण्यात तुर्कांचा हात धरणारे कमी होते आणि दख्खनचे सुलतान त्यांना मुद्दाम बोलावून घेत. तोफेची लांबी सुमारे साडेचार मीटर, वजन सुमारे 55 टन. नळीचे तोंड एवढे रुंद की माणूस आत वाकून बसू शकेल. धातूत सुमारे 80 भाग तांबे आणि 20 भाग कथील. हे प्रमाण तोफेच्या नेहमीच्या धातूचे नाही, घंटेच्या धातूचे आहे. म्हणूनच तिच्यावर टिचकी मारली तरी ती घुमते असे सांगतात.

तिच्या तोंडावरची नक्षी पाहिली आणि मला फू हाओची कुऱ्हाड आठवली. तोफेचे तोंड म्हणजे सिंहासारख्या श्वापदाचा वासलेला जबडा. त्याच्या दातांत दोन्ही बाजूंना चिरडले जाणारे छोटे हत्ती. चीनच्या राणीच्या शस्त्रावर वाघाच्या जबड्यात माणूस. दख्खनच्या सुलतानाच्या शस्त्रावर सिंहाच्या जबड्यात हत्ती. मध्ये पावणेतीन हजार वर्षे आणि अख्खा हिमालय. एकाने दुसऱ्याची नक्कल केलेली नाही. सत्तेला भीती दाखवायची असली की तिला सगळीकडे जबडाच आठवतो, एवढेच.

हत्तीच का? दख्खनच्या फौजांत हत्ती महत्त्वाचा होता. दारूगोळ्याने त्याचे दिवस भरत आणले होते. तोफ हत्तीला गिळते आहे, ही त्या काळाची बातमीच तिच्या तोंडावर ओतलेली आहे, असे मला वाटते. पण चित्राची कल्पना तुर्कस्तानातून आलेली नाही. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर नीट पाहा. पंजात, जबड्यात, शेपटीत हत्ती धरलेला सिंह किंवा शरभ कितीतरी ठिकाणी दिसेल. हिंदू राजांनी तो कोरला, बहमनींनी कोरला, त्यांच्या नंतरच्या सुलतानांनीही कोरला. म्हणजे ओतकामाची विद्या रूमी आणि चित्र अस्सल दख्खनी. तोफेवर निजामशहाने स्वतःला रसूलुल्लाहच्या घराण्याचा सेवक म्हणवून घेतले आहे. त्याने शिया पंथ स्वीकारला होता, त्याची ही खूण. एकाच तोफेवर अरबी-फारसी अक्षरे, शिया श्रद्धा, तुर्की कारागिरी आणि देवळा-किल्ल्यांवरचा सिंह. तिला 'मुस्लिम शस्त्र' म्हणायचे की 'भारतीय'? हा प्रश्न तिच्या कारागिराला तरी पडला नसावा.

तिचा पुढचा प्रवासही बघा. अहमदनगरहून ती परांड्याच्या किल्ल्यावर गेली. तिथून 1632 मध्ये आदिलशाहीतला मुरार जगदेव नावाचा ब्राह्मण सरदार तिला विजापूरला घेऊन गेला. औरंगजेबाने विजापूर जिंकल्यावर तिच्यावर हिजरी 1097 चा आणखी एक लेख कोरला. म्हणजे एका मुस्लिम सुलतानाची तोफ, दुसऱ्या मुस्लिम सुलतानासाठी एका ब्राह्मणाने नेली आणि तिसऱ्या मुस्लिम बादशहाने ती जिंकली म्हणून मिरवले. ज्यांना दख्खनचा इतिहास दोन धर्मांच्या कुस्तीसारखा दिसतो, त्यांनी ही तोफ कोणत्या खान्यात ठेवायची ते ठरवावे.

खानदेशाचाही वाटा आहे. फारुकी सुलतानांची पहिली राजधानी शिरपूर तालुक्यातले थाळनेर. तापीच्या काठी त्यांच्या कबरी अजून उभ्या आहेत. त्यांनी वसवलेले बुऱ्हाणपूर 1601 नंतर मोगलांचे मोठे ठाणे झाले आणि तिथे तोफा ओतल्या जाऊ लागल्या. असीरगडावरची एक नक्षीदार कांस्याची तोफ हिजरी 1074 मध्ये, म्हणजे 1663 च्या सुमारास, बुऱ्हाणपुरात ओतलेली होती. शेजारी दौलताबादला गेलात तर मेंढा तोफ पाहा. औरंगजेबाच्या नावाची ही तोफ मागून पाहिली की मेंढ्याचे डोके दिसते.

कथील, कल्हई आणि देग

मग हे कथील अखेर कुठून आले? समुद्रावरून. मलाया द्वीपकल्पातले कथील अरब आणि इतर व्यापारी शतकानुशतके हिंदी महासागरात फिरवत होते. अरब भूगोलकार तिकडच्या एका बंदराला 'कलह' म्हणत आणि तिथल्या कथिलाला 'कलई'. आपला 'कल्हई' हा शब्द तिथलाच मानला जातो. गल्लीत भाता घेऊन बसणारा, पितळी पातेल्याला नवसागर लावून चकचकीत करणारा कल्हईवाला आठवतो? तो जे काम करायचा त्याच्या नावात एका दूरच्या बंदराचा पत्ता होता. ज्या धातूने 55 टनांच्या तोफेला कडकपणा दिला, तोच धातू आपल्या आईच्या पातेल्यातली आमटी कळकण्यापासून वाचवत होता.

कुरआनच्या सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख येतो आणि त्यांना काय करायला सांगितले? चिलखते. वाराला अडवणारी वस्तू. त्यापुढे हजरत सुलेमान (अ.) यांच्यासाठी वितळलेल्या तांब्याच्या झऱ्याचा उल्लेख आहे. त्यांच्यासाठी ज्या वस्तू घडल्या त्यांत हौदाएवढी भांडी आणि जागचे न हलणारे देग आहेत. मी आलिम नाही, तफसीर करायचा माझा अधिकार नाही. पण धातूच्या चर्चेत आपण नेहमी तलवारीपाशीच का थांबतो, देगपर्यंत का जात नाही, असे मनात येते. आपल्या लग्नात, उरुसात हजार माणसांचे पोट भरणारा कल्हईचा देग हासुद्धा तांबे आणि कथिलाचा इतिहासच आहे.

भंगाराचा भाव

आता शेवटचा मुद्दा. त्यासाठीच खरे तर एवढे लिहिले.

कांस्याचा एक शाप आहे: ते पुन्हा वितळते. दगडी मूर्ती फुटली तरी तुकडे उरतात. कांस्याची वस्तू भट्टीत गेली की तिचे काहीच उरत नाही. जुनी तोफ नव्या तोफेत जाते, नवी तोफ घंटेत, घंटा भांड्यात. मलिक-ए-मैदानदेखील वाचली ती थोडक्यात. 1854 मध्ये इंग्रज सरकारने विजापुरातला निरुपयोगी माल लिलावात काढला, तेव्हा या तोफेला 150 रुपयांची बोली आली होती. कुणा अधिकाऱ्याला वेळेवर शहाणपण सुचले आणि विक्री रद्द झाली. दायमाबादचे हत्ती-गेंडेही मोडीत गेले असते, तर आज आपल्याला ते कधी होते हेही कळले नसते.

खानदेशात गावाशेजारच्या जुन्या टेकाडांना लोक पांढरी म्हणतात. तिथली माती शेतात टाकतात, धाब्याच्या घरावर पसरतात. आता जेसीबी आले आहेत, एका दिवसात अख्खे टेकाड सपाट होते. त्या पांढरीत कुठे सावळद्याचे खापर असते, कुठे जोर्व्यासारखी कुऱ्हाड. हिरवा गंज चढलेला धातूचा तुकडा निघतो आणि किलोच्या भावाने जातो. भंगाराच्या धंद्यात आपल्या समाजातले कितीतरी कष्टकरी लोक आहेत. त्यांना मी दोष देत नाही. वजनकाट्यावर इतिहास दिसत नसतो आणि पोट रोजचे असते. पण दुकानात आलेल्या मालात चपटी, हिरवट, जड, विचित्र आकाराची जुनी वस्तू दिसली, तर भट्टीआधी कुणाला तरी विचारा. 1878 चा निखात निधी कायदा आजही आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा असा ऐवज जमिनीत सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे त्यात बंधनकारक आहे. तहसील कार्यालय, पुरातत्त्व विभाग, नाहीतर जवळच्या महाविद्यालयातला इतिहासाचा प्राध्यापक, कुणीही चालेल.

मला कुणी विचारले की तुमच्या इतिहासातले कोणते शस्त्र तुम्हाला सर्वांत जवळचे, तर मी मलिक-ए-मैदानचे नाव घेणार नाही. तिच्या कारागिराला सलाम जरूर करीन. पण तिच्या जबड्यासमोर कोण उभे होते तेही मला आठवते. मी सावळद्याच्या मडक्यावरचा तो काळ्या रंगाचा बाण निवडीन. तो कुणाला लागलेला नाही. तो काढणाऱ्याचा धर्म आपल्याला ठाऊक नाही, भाषा ठाऊक नाही, नाव तर नाहीच. तो तापीचे पाणी पीत होता एवढे नक्की आहे, आणि आपणही तेच पितो.